चिमटी नावाची डिस्क

१

आमच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिला सगळे यंत्रखोली म्हणतात, पण यंत्र एकच आहे, आणि तेही माझ्याहून वयाने मोठं असावं असं दिसणारं. लोखंडी मांडणीवर एकावर एक चार ड्राइव्ह, त्यांच्या खाली पेटीसारखा कॉम्प्युटर, बाजूला बॅटरी. खिडकी आहे, पण ती समोरच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडते. जिन्यावरून कोणी गेलं की खोलीत सावली हलते आणि मी दचकते. मी कशानेही दचकते. चहाच्या किटलीचं बटण टक्कन वर आलं तरी दचकते. यावर आता ऑफिसात कोणी हसतसुद्धा नाही, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

मला इथे लागून फार दिवस झालेले नाहीत. काम मिळालं ते असं की, एका एक्स-रे केंद्रासाठी आमच्या साहेबांनी तरुणपणी एक प्रोग्राम लिहिला होता, तो आता नव्या यंत्रावर न्यायचा. केंद्रातले जुने फोटो डिस्कवर आहेत, डिस्कांनी कपाटं भरलेली आहेत. तिथल्या माणसाने हवी ती डिस्क हाताला येईल त्या ड्राइव्हमध्ये घालायची आणि कॉम्प्युटरला फक्त तिचं नाव सांगायचं. ती कुठे बसलीय हे कॉम्प्युटरने शोधायचं. हे शोधायचं काम सी भाषेतलं एक छोटं फंक्शन करतं. फंक्शन म्हणजे एक सांगकाम्या समजा. त्याला नाव द्या, तो चारही ड्राइव्हमध्ये डोकावून येतो आणि त्या डिस्कपर्यंत पोचायचा पत्ता तुमच्या हातात ठेवतो. त्या नावाची डिस्क नसेल तर रिकाम्या हाताने परत येतो. बस्स. एवढंच त्याचं आयुष्य.

डोकावताना आवाज होतो. सगळ्यात वरचा ड्राइव्ह घुर्रर्र करतो, मग टक. मग त्याच्या खालचा. मग तिसरा, मग चौथा. दिवसभर हेच. घरी जेवतानासुद्धा माझ्या डोक्यात घुर्रर्र-टक चालू असायचं आणि आई विचारायची, घास का थांबला.

साहेबांना सगळे हेडमास्तर म्हणतात, अगदी तोंडावर. त्यांना ते आवडतं. त्यांचे दोन नियम भिंतीवर लावलेले नाहीत एवढंच. पहिला, हो सगळेच म्हणतात, नाही म्हणता येतं का ते बघा. म्हणजे प्रत्येक फंक्शनला एकदा तरी नसलेल्या गोष्टीचं नाव द्यायचं आणि ते मुकाट्याने रिकाम्या हाताने परत येतंय ना, हे तपासायचं. दुसरा नियम म्हणजे, टेस्टमध्ये जे जे सापडेल ते ते शेवटी बाहेर काढायचं, ट्रे उघडून. टेस्ट नीट संपो, तुम्ही ती मधेच थांबवा, यंत्राचं बटण बंद करा नाहीतर वीज जावो. यंत्र बॅटरीवर तग धरून आधी सापडलेलं सगळं बाहेर काढणार आणि मगच डोळे मिटणार. केंद्रातली मंडळी डिस्क आत विसरून घरी जायची, म्हणून हेडमास्तरांनी ही व्यवस्था केली होती. तिचा त्यांना अजून अभिमान आहे.

तर मला एक नाव हवं होतं, कुठल्याच डिस्कला नसलेलं. आणि ते मिळेना. केंद्रातल्या लोकांनी डिस्कांना काय वाट्टेल ती नावं दिली होती. 'टेस्ट' होती. 'नको' होती. 'बघू नंतर', 'हेच ते', 'हे ते नाही'. एकीचं नाव चक्क 'अस्तित्वात नाही' होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. परक्या माणसाच्या डोक्यात येणं शक्यच नाही असं काहीतरी हवं होतं.

त्या दिवशी सकाळी माझं ताईशी भांडण झालं होतं. घरात आम्ही तिघी, आई, ताई आणि मी. ताईचा पाय प्लास्टरमध्ये. स्कूटर उभी असताना तिच्यावरून पडली. चालती स्कूटर असती तर सांगायला तरी बरं वाटलं असतं, असं तीच म्हणते. तेव्हापासून ती मधल्या खोलीत पलंगावर राणीसारखी पडून असते, आणि माझी प्रत्येक वस्तू तिच्या उशीखाली जाते. हेडफोन, चार्जर, माझी चांगली कात्री. लहानपणी ती येताजाता चिमटे काढायची म्हणून घरात तिचं नाव चिमटी. हे नाव फक्त आई आणि मी वापरतो. शाळेतल्या मैत्रिणींनाही ते ठाऊक नाही. तिने मला तशी शपथच घातलीय.

चार्जरवाचून फोन मरायला टेकला होता. मी वैतागून तेच नाव टाइप केलं.

२

चारही ट्रे रिकामे होते. हे मी ठासून सांगते, कारण पुढे सगळ्यांना आधी हीच शंका आली. ट्रे मी स्वतः उघडून पाहिले होते, बोट फिरवून पाहिले होते, आणि बोटाला धूळ लागली होती.

घुर्रर्र, टक. घुर्रर्र, टक. तिसरा. चौथा. आणि मग आणखी एक घुर्रर्र.

तो मांडणीतून आला नाही. दाराच्या बाजूने आला, जिथे एक खुर्ची आणि कॅलेंडर याशिवाय काहीही नाही. आणि त्याच्या शेवटी टक झालं नाही. काहीतरी फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं, आणि मग मला ते ऐकू येईनासं झालं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. टेस्ट नापास. काही मिळू नये अशी अपेक्षा होती, पण मिळालं. खाली पत्ता दिला होता. एरवी पत्त्यात ड्राइव्हचा क्रमांक असतो, एक ते चार, आणि त्यापुढे डिस्कचं नाव. इथे क्रमांकाची जागा कोरी होती, आणि पुढे चिमटी. टेस्ट नापास झाली की त्यात मिळालेलं यंत्र सापडलेल्यांत धरतच नाही, म्हणून बाहेर काढायची पायरी आलीच नव्हती. तेव्हा मला याचं काहीच वाटलं नाही.

मला भीती नाही वाटली, आधी रागच आला. कोणीतरी थट्टा करतंय असं वाटलं, आणि थट्टा करणारी ऑफिसात एकच, खारूताई. ती शेजारच्या टेबलावर बसते, टेस्टिंग करते आणि दिवसभर बिस्किटं कुरतडते, म्हणून तिचं हे नाव. मी तिला जाऊन विचारलं. तिने बिस्किट खाली ठेवलं आणि म्हणाली, अगं, तुला घाबरवण्यात काय मजा? तू तर फुकटात घाबरतेस.

हेडमास्तर आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडदा पाहिला आणि ट्रे उघडायला लावले. पत्त्यातली कोरी जागा दाखवली तर म्हणाले, जुन्या मेमरीत काहीतरी कचरा राहिला असेल, साफ कर. आवाजाबद्दल मी काही बोलले नाही. बोलले असते तर आवाजाचाही कचरा झाला असता.

मी मेमरी साफ केली, यंत्र बंद करून चालू केलं आणि पुन्हा तीच टेस्ट चालवली. चार आवाज आले, मग पाचवा. लाल अक्षरं. तोच पत्ता.

३

संध्याकाळी घरी गेले तर चिमटी माझी वाटच पाहत होती. चार्जर उशाशी नीट गुंडाळून ठेवलेला. मी सावध झाले, कारण ती सहजासहजी वस्तू परत करणारी नव्हे.

"दुपारी हाक का मारलीस?" तिने विचारलं.

"मी ऑफिसात होते."

"ते माहितेय मला. म्हणूनच विचारतेय."

मी विषय बदलायला पाहिलं. तिने बदलू दिला नाही. आधी एकदा हाक आली, तेव्हा ती अर्धवट झोपेत होती म्हणून तिने दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने परत आली. आवाज माझा नव्हता, आईचाही नव्हता, पण घरचाच होता. घरच्या माणसाने मारावी तशी हाक, काम असल्यासारखी. ती उठून बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपला प्लास्टरचा पाय जमिनीवर टेकलेला आहे. तो तिने कधी खाली घेतला ते तिला आठवेना.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, दिवसभर लोळून डोकं जड झालंय, दुसरं काही नाही, आणि तू तिला खतपाणी घालू नकोस. मी घालत नव्हते. मी हिशेब मांडत होते. पुस्तकी शिक्षण झालेल्या मुलीने मांडावेत तसले हिशेब. योगायोग एकदा होतो. दोनदाही होतो, फार बोंब मारायचं कारण नाही. पडून पडून माणसाला भास होतात. आणि मी स्वतः भित्री, त्यामुळे माझी साक्ष कुठल्याही कोर्टात टिकली नसती.

रात्री दिवा मालवल्यावर चिमटी हळूच म्हणाली, अगं, मी ओ दिली नाही, ते बरं केलं ना?

मी म्हटलं, बरं केलंस, झोप. आणि माझे हेडफोन?

तिने तेही दिले.

४

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी वागायचं ठरवलं. फंक्शनला वेगवेगळी नावं दिली. आईचं घरातलं नाव दिलं, रिकाम्या हाताने परत. खारूताईचं, परत. माझं स्वतःचं नाव देताना मी डोळे मिटून घेतले, पण तेही परत. खरं सांगायचं तर सुटकेबरोबर मला जरासा अपमानही वाटला. हेडमास्तरांचं, शेजारणीचं, लहानपणीच्या मांजराचं, सगळी परत. चार आवाज, आणि शांतता.

मग मी घरी फोन लावला, तो कानाला धरला आणि दुसऱ्या हाताने चिमटी टाइप केलं.

आईने उचलला. ती वैतागलेलीच होती. गॅसवर काहीतरी होतं. मी चिमटीशी बोलायचंय म्हटलं. आई फोन घेऊन मधल्या खोलीकडे निघाली, मला तिच्या चपलांचा आवाज येत होता. इकडे चौथा ड्राइव्ह टक करून थांबला आणि दाराजवळ पाचवा फिरायला लागला. आणि आईच्या चपला थांबल्या.

"अगं ए, कुठं निघालीस? कुबडी कुठंय तुझी?" आई फोनमध्ये नव्हे, तिकडे बोलत होती.

चिमटी खोलीच्या दारापर्यंत आली होती. कुबडीशिवाय. त्याच फोनवर आईने मला सांगितलं की ती लंगडतसुद्धा नव्हती, सरळ चालत आली, सरकत आल्यासारखी. आईने दंडाला धरलं तेव्हा ती भानावर आली आणि पाय दुखतोय म्हणून रडायला लागली.

मी टेस्टची फाइल उघडली, ते नाव पुसलं आणि तिथे नुसते आकडे घातले. हात पुसावेत तसे मी खरोखरच हात पुसले. झालं, संपलं, म्हटलं. नाव गेलं की हाक गेली. मग जेवणाची सुट्टी झाली आणि कालपासून पहिल्यांदाच मी पोटभर जेवले.

परत आले तर यंत्रखोलीत हेडमास्तर माझ्या खुर्चीवर बसले होते. चेहरा प्रसन्न. माणूस प्रसन्न असला की मला आधी काळजी वाटते.

ते म्हणाले, तुझी टेस्ट दुरुस्त केली बरं का. तू नाव बदलून मोकळी झालीस, तसं करायचं नसतं. फंक्शनला ते नाव सापडतंय म्हणजे सापडतंय. वीस वर्षांत ते खोटं बोललेलं नाही. चूक तुझ्या अपेक्षेत होती. त्यांनी जुनं नाव परत घातलं होतं, आणि 'मिळू नये' होतं तिथे 'मिळावं' केलं होतं. आता टेस्ट पास होत होती. पडद्यावर हिरवी अक्षरं, वरपासून खालपर्यंत. सगळ्या टेस्ट मिळून रोज जेवणानंतर आपोआप चालतात, तशा त्या सुरू झाल्या होत्या.

आमच्या धंद्यातली ही चूक मी पुस्तकात वाचली होती. यंत्राचं उत्तर पटलं नाही की माणसं प्रश्न बदलतात. हिरवं दिसलं की सगळ्यांना बरं वाटतं.

मी विचारलं, सर, म्हणजे आता ते शेवटी बाहेर काढलं जाणार?

"अर्थात," हेडमास्तर म्हणाले. "सापडलेलं आत ठेवून कसं चालेल?"

५

सकाळपासून केंद्राच्या तीन डिस्क तपासणीसाठी आत घातलेल्या होत्या. वरचा ट्रे उघडला आणि डिस्क बाहेर आली. खारूताईने ती उचलून पाकिटात घातली. दुसरा ट्रे उघडायला लागला. बाहेर काढणं वरून खाली चालतं, सावकाश; जुनं यंत्र, त्याला घाई कधीच नव्हती.

मी टेस्ट थांबवण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. थांबवली तर आधी सगळं बाहेर निघणार. यंत्र बंद केलं तरी निघणार. वायर ओढली तरी बॅटरी आहेच. त्या माणसाने एकही फट ठेवली नव्हती. मला त्यांचा इतका संताप आला की भीतीला जागाच उरली नाही, आणि त्यामुळेच बहुधा मला आठवलं की एक फट असते. डिस्कवरची एखादी फाइल कोणी उघडून बसलं असेल तर यंत्र ती डिस्क बाहेर काढत नाही. वापरात आहे, असं सांगतं आणि थोड्या वेळाने परत येऊन पाहतं.

तिसरा ट्रे सरकत होता. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तो पत्ता उघडला, कोऱ्या जागेसकट, आणि आत गेले. आत काही नव्हतं. एकही फाइल नाही. मी एक नवीन फाइल तयार केली, तिच्यात एक अक्षर लिहिलं आणि ती तशीच उघडी ठेवली.

चौथा ट्रे रिकामाच उघडला, मिटला. मग पडद्यावर ओळ आली. चिमटी: वापरात आहे. पुन्हा प्रयत्न केला जाईल.

मी श्वास सोडला. तेवढ्यात फोन वाजला, मी खुर्चीवरून पडायचीच राहिले. चिमटी.

"काय गं, घरी येणार होतीस तर सांगायचं तरी," ती म्हणाली. "आणि अशी दारात काय उभी राहिलीयस? आत ये, नाहीतर जा."

मी तिला शांतपणे सांगितलं, म्हणजे शांतपणे सांगायचा प्रयत्न केला, की मी ऑफिसात आहे. ती हसली. मला वाटलं होतं ती घाबरेल, पण ती हसली, कारण दारातली माझ्यासारखीच नखं खात होती. ती म्हणाली, थांब, दाखवते तुला तुझा अवतार, आणि तिने कॅमेरा चालू केला.

आधी छत दिसलं. पंखा. मग पलंगाची कड, प्लास्टरवर आम्ही दोघींनी रंगीत पेनाने काढलेली फुलं. मग दार. पडदा अर्धा सरकलेला होता. चौकटीवर एक हात होता, आणि कोपरापर्यंत निळ्या स्वेटरची बाही. मी माझ्या बाहीकडे पाहिलं. निळीच होती. त्या हाताची नखं खाल्लेली होती, अगदी कातडीपर्यंत, माझ्याच पद्धतीने, अंगठ्याचं सोडून. तो हात चौकट धरून होता, एखाद्याने दार लागू नये म्हणून धरावी तशी. पडद्यामागे चेहरा असायला हवा होता त्या उंचीवर पडदा आत ओढला जात होता आणि परत सैल सुटत होता.

"चिमटे, फोन ठेवू नकोस," मी म्हटलं. "तिच्याजवळ जाऊ नकोस. पलंगावरच बस."

"तूच तर ये म्हणतेयस," ती म्हणाली.

आणि फोन तिच्या हातातून गादीवर पडला असावा, कारण नंतर नुसता अंधार दिसला, आणि संपर्क तुटला.

६

खारूताईने मला पाणी दिलं. मी उठून घरी जाईन असं तिला वाटलं, तिने माझी पर्ससुद्धा आणून दिली. पण मी उठले आणि कोणी फाइल बंद केली तर? हेडमास्तर नीटनेटके आहेत, उघडी फाइल दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. मी खारूताईला सांगितलं, माझी बहीण आजारी आहे, मला इथे बसू दे, आणि सरांना माऊसला हात लावू देऊ नकोस. तिने फार विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून मात्र कळत होतं की आता मी तिला फुकटात घाबरवतेय.

चिमटीचा फोन लागेना. आईचा लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं. पडद्यावर तीच ओळ पुन्हा आली, वापरात आहे, पुन्हा प्रयत्न केला जाईल. मी फाइलमध्ये आणखी चार शब्द लिहिले. का कोण जाणे, नुसती उघडी ठेवण्यापेक्षा लिहीत राहणं मला जास्त खात्रीचं वाटलं.

बऱ्याच वेळाने आईने उचलला. मागे बोलण्याचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता, आणि चिमटी हसत होती. चिमटी घरात होती. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले, आवाज न करता, फोन लांब धरून.

मग मी म्हटलं, आई.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

मी म्हटलं, अगं मी.

"हां हां, तुम्हाला सापडला का फोन?" आईचा आवाज एकदम मऊ झाला, ओळखपाळख नसलेल्या माणसांसाठी ती ठेवते तो आवाज. "बरं झालं बाई. आमची धाकटी मघाशीच घरी आलीय, म्हणाली फोन कुठंतरी पडला. भारी धांदरट आहे. तुम्ही कुठून बोलताय?"

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आई, मी आहे, असं काहीतरी तीनदा बोलले असेन. आईला ते ऐकू आलं, पण जसं ऐकू यायला हवं होतं तसं आलं नाही. ती ऐकून घेत होती, समजुतीने, मधेमधे हो हो म्हणत. मी तिला मधल्या खोलीत कोण आहे ते विचारलं. दोघी मुली, ती म्हणाली. आज कधी नव्हे ते भांडत नाहीयेत, धाकटी थोरलीच्या पायाशी बसलीय, हात धरून. सोडायलाच तयार नाही हात.

"थोरलीला तिथून उठू देऊ नका," मी म्हटलं. देऊ नका. मीच तसं बोलले. माझ्याही तोंडून तेच आलं.

आई म्हणाली, तुमचा आवाज थकलेला वाटतोय हो. फोनची घाई नाही, सवडीने आणून द्या. जवळ आलात की चहा घेऊनच जा.

७

म्हणून मी लिहीत बसलेय. पहिल्यापासून लिहायला घेतलं, कारण पहिल्यापासून सांगायला वेळ लागतो आणि मला वेळच हवाय. तुम्ही वाचताय ती फाइल त्याच पत्त्यावर उघडलेली आहे. मी लिहितेय तोवर यंत्र येतं, बघतं, वापरात आहे म्हणतं आणि जातं. मी थांबले तर ते चिमटीला बाहेर काढेल. कुठे, ते मला माहीत नाही आणि मला ते पाहायचं नाही.

पण मी लिहीत राहिले तर ती दारातली तिच्या पायाशी बसून राहील, हात धरून. मी आत गेले तेव्हाच ती दारात आली, हे मला कळतं. मी इथे आत जितकी खोल शिरते तितकी ती तिथे घरात शिरते, हेही कळतं. मला एवढंच कळत नाही, की तिने तो हात चिमटीला राहू देण्यासाठी धरलाय, की न्यायला. माझा हात असता तर मला माहीत असतं.

खारूताई घरी गेली. जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि नव्याने आलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं हसली.

हेडमास्तर दारात उभे आहेत, खोलीच्या किल्ल्या हातात. ते विचारतायत, अजून किती वेळ लागेल हो तुम्हाला? दुपारीसुद्धा ते मला तू म्हणत होते.

मी म्हटलं, थोडंच राहिलंय, सर.

त्यांनी मान हलवली आणि ते टेबलाजवळची खुर्ची ओढून बसले. माझं संपायची वाट बघत. मी त्यांच्याकडे न पाहता पुढचं वाक्य सुरू केलं, आणि ते संपायच्या आत त्याच्या पुढचं काय लिहायचं हे शोधायला लागले. लहानपणी चिमटी मला चिमटा काढायची तेव्हा आधी डाव्या हाताची मूठ वळायची, मग जीभ दातात धरायची, मग मी पळायचे, आणि ती